चालू सिरीयलची वही कशी ठेवावी

अ‍ॅपवर सगळे भाग असताना वही कशाला, असं वाचनालयात येणारी कॉलेजची मुलं मला विचारतात. त्यांना मी सांगते, अ‍ॅपवर भाग राहतात, प्रक्षेपण राहत नाही. मालिका कुठल्या वारी, किती वाजता लागायची, वेळ कधी बदलली, मध्ये किती दिवस बंद होती, रिपीट दुपारी असायचा की रात्री उशिरा, यातलं अ‍ॅपवर काहीच उरत नाही. तिथे भाग एकाखाली एक लावलेले असतात. दोन भागांच्या मध्ये चार महिने गेले असले तरी बोटाने सरकवताना ते कळत नाही. त्या त्या दिवशी लिहून ठेवलं, तरच ते राहतं.

मी वेंगुर्ला तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. वर्तमानपत्रांच्या फायली लावणं, मासिकांचे अंक नोंदवणं, एखादा अंक आला नाही तर 'अंक अप्राप्त' असं लाल शाईने लिहिणं हे माझं रोजचं काम. त्याच हाताने मी मालिकांच्या वह्याही ठेवते. सुरुवात झाली ती 'रात्रीस खेळ चाले'पासून. सावंतवाडीजवळच्या आकेरीतला वाडा, पडवी, माडाची झाडं आणि मालवणी बोलणारी माणसं झी मराठीवर रात्री साडेदहाला सगळ्या महाराष्ट्रासमोर यायला लागली, तेव्हा आमच्या भागात त्याशिवाय दुसरा विषय नव्हता. सकाळी वाचनालयात पेपर वाचायला येणारेसुद्धा आधी, "गो, काल काय झाला तां सांग," म्हणायचे. काहींना ती मालिका आवडली नाही. अंधश्रद्धा पसरते, कोकणाची बदनामी होते, असे आक्षेप सिंधुदुर्गातून जाहीरपणे घेतले गेले. हे सगळं आपल्याच भागात घडत होतं, आणि त्याची तारीखवार नोंद कुणाकडे तरी असायला हवी, असं मला मनापासून वाटलं. आजही वाटतं.

पहिलं पान

दोनशे पानी, आखीव, पुठ्ठ्याची वही घ्या. सुटे कागद नकोत. मोबाईलमध्येही लिहू नका, कारण मोबाईल बदलला की नोंदी कुठे जातात ते आपलं आपल्यालाच सापडत नाही. आमच्याकडे पावसात कागद ओला होतो, बुरशी धरतो, म्हणून बॉलपेनने लिहा. शाईचं पेन फुटतं आणि मागच्या पानावर उतरतं. पानांना आधीच क्रमांक घालून ठेवा. वहीचं एखादं पान फाटलं तर निदान कुठलं फाटलं ते कळेल.

पहिल्या पानावर मालिकेचं नाव, वाहिनीचं नाव, पहिला भाग ज्या दिवशी लागला ती तारीख, वार, वेळ आणि आठवड्यातून किती दिवस लागणार ते लिहा. वाहिनीचं नाव त्या दिवशी पडद्यावर जे असेल तेच लिहायचं, पुढे बदललं तरी खाडाखोड करायची नाही. आज आपण झी मराठी म्हणतो ती १९९९ साली अल्फा मराठी म्हणून सुरू झाली आणि २००५ साली तिचं नाव बदललं. ई टीव्ही मराठी २०१५ साली कलर्स मराठी झाली. 'चार दिवस सासूचे' २६ नोव्हेंबर २००१ ला सुरू होऊन ५ जानेवारी २०१३ ला संपली, तीन हजारांहून अधिक भाग झाले, आणि तो सगळा प्रवास ई टीव्ही मराठीवरचा होता. आजच्या मुलीला ती कलर्सची मालिका वाटते. जुन्या वहीत जुनं नाव असलं की वाद मिटतो.

तारखेबरोबर वार लिहायचाच. वार ही तारखेची चाचणी असते. आपल्या रोजच्या मालिका बहुतेक करून सोमवारी सुरू होतात आणि शनिवारी संपतात. 'रात्रीस खेळ चाले'चे तिन्ही भाग, म्हणजे तिन्ही पर्वं, पाहा. पहिला २२ फेब्रुवारी २०१६ ला सुरू झाला, २२ ऑक्टोबर २०१६ ला संपला. दुसरा १४ जानेवारी २०१९ ते २९ ऑगस्ट २०२०. तिसरा २२ मार्च २०२१ ते ९ एप्रिल २०२२. पंचांग उघडून बघा, तिन्ही सुरुवाती सोमवारच्या आहेत आणि तिन्ही शेवट शनिवारचे. 'आई कुठे काय करते' २३ डिसेंबर २०१९ ला सुरू झाली तो सोमवार, ३० नोव्हेंबर २०२४ ला संपली तो शनिवार. म्हणून कुणी तुम्हाला अमुक मालिका बुधवारी सुरू झाली असं सांगितलं, तर ती नोंद पेन्सिलीने करा आणि दुसरीकडे पडताळून मगच पक्की करा. अपवाद असतात. शेवटचा भाग रविवारी महाएपिसोड म्हणून दोन-दोन तास दाखवतात. 'माझ्या नवऱ्याची बायको' ७ मार्च २०२१ ला संपली, तो रविवार होता. असा रविवार आला की बाजूला 'महाएपिसोड' असं लिहायला विसरू नका, नाहीतर पुढे वाचणाऱ्याला तारीख चुकली असंच वाटेल.

रोजची ओळ

एका दिवसाला एक ओळ, फार तर दोन. कथा लिहू नका. कथा अ‍ॅपवर आहे, आणि कथा लिहायला बसलं की पंधरा दिवसांत कंटाळा येऊन वही बंद पडते. मी पाहिलेल्या बहुतेक वह्या अशाच बंद पडल्या. ओळीत एवढंच यावं: वार, तारीख, सुरू झाल्याची खरी वेळ, नवा भाग की रिपीट, अर्धा तास की एक तास, आणि त्या दिवशी काही वेगळं असलं तर तेवढंच. माझ्या वहीतल्या ओळी साधारण अशा असतात:

सोम. रा. ८.३०. नवा. अर्धा तास.
मंगळ. रा. ८.३०. नवा. अर्धा तास. नव्या मालिकेची जाहिरात पहिल्यांदा.
बुध. रा. ८.३०. नवा. पावसाने डिश गेली, मधला भाग दिसला नाही. गुरुवारी दुपारच्या रिपीटला पाहिला.
गुरु. रा. ८.३०. नवा. आजीचं काम करणाऱ्या बाई आजपासून वेगळ्या.
रवि. सं. ७ ते ९. महाएपिसोड. वाडीत लाईट नाही, शेजारच्या काकींकडे इन्व्हर्टरवर पाहिला.

खरी वेळ म्हणजे घड्याळात पाहिलेली. साडेआठची मालिका कधी आठ एकतीसला, कधी आठ तेहतीसला सुरू होते. आधीचा कार्यक्रम लांबतो, जाहिराती पुढे सरकतात. अर्ध्या तासाच्या भागात प्रत्यक्ष मालिका बावीस-तेवीस मिनिटांची असते, बाकीचा वेळ बहुतेक जाहिरातींचा. वाहिन्यांना तासाला बारा मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवायची मुभा आहे, त्यात स्वतःच्या कार्यक्रमांच्याही आल्या. एखाद्या दिवशी ब्रेक नेहमीपेक्षा फार लांबले किंवा फारच कमी आले, तर तेही लिहावं. मालिकेला मागणी किती आहे याचा अंदाज पुढे त्यावरून येतो.

नवा की रिपीट हे ओळखणं सोपं वाटतं, पण पाहुणे आलेले असताना, स्वयंपाकघरातून अर्धा कान देऊन ऐकताना नेमकं तिथेच फसायला होतं. खात्री करण्याची माझी रीत म्हणजे भागाच्या शेवटी 'पुढील भागात' दाखवतात ते एका वाक्यात लिहून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग आला तर तो नवा भाग. नाही आला, आणि आधी पाहिलेलंच पुन्हा दिसलं, तर रिपीट. ही युक्ती मी शाळेतल्या मुलींना शिकवली, त्यांना ती पटकन जमली.

अ‍ॅपवरची तारीख वहीत उतरवू नका. पैसे भरणाऱ्यांना काही अ‍ॅपवर भाग टीव्हीच्या आधीच बघायला मिळतो. मुंबईत राहणारी भाची संध्याकाळी लोकलमध्ये भाग पाहून फोनवर सगळं सांगून टाकते, आणि आपल्याकडे तो रात्री लागायचा असतो. प्रक्षेपणाची तारीख म्हणजे टीव्हीवर लागल्याची तारीख. भागाचा क्रमांक अ‍ॅपवरून घ्यायला हरकत नाही, पण तो वेगळ्या रकान्यात लिहा.

पाऊस, लाईट आणि डिश

ही अडचण पुण्या-मुंबईच्या माणसाला कळणार नाही. आमच्याकडे मृगाचा पाऊस सुरू झाला की संध्याकाळच्या मालिका तुकड्यातुकड्यांनी दिसायला लागतात. घरोघरच्या छोट्या डिश ज्या लहरींवर चालतात, त्यांना केयू बँड म्हणतात. त्यांची कंपनसंख्या दहा गिगाहर्ट्झच्या वर असते, आणि मोठ्या थेंबांचा दाट पाऊस त्या लहरी शोषून घेतो, विखरून टाकतो. त्यामुळे घरावर पाऊस पडत नसतानाही डिश जाते, कारण उपग्रहाच्या दिशेने दूर कुठेतरी ढग दाटलेला असतो. सी बँडच्या, म्हणजे कमी कंपनसंख्येच्या लहरींवर चालणाऱ्या, मोठ्या डिशला हा त्रास पुष्कळ कमी होतो. केबलवाल्याकडे ती असायची, म्हणून पूर्वी त्याच्याकडे चित्र असायचं तेव्हा आपल्या छपरावरची डिश 'सिग्नल उपलब्ध नाही' असं दाखवत बसायची.

मग नोंद कशी करायची? आपल्याला दिसलं नाही म्हणजे प्रक्षेपण झालं नाही, असं कधीही लिहू नका. वहीत दोन गोष्टी वेगळ्या राहिल्या पाहिजेत. वाहिनीने काय दाखवलं आणि आपण काय पाहिलं. डावीकडच्या पानावर वाहिनीची ओळ, उजवीकडच्या पानावर आपली. डिश किती वाजता गेली, किती वाजता आली, ते उजवीकडे. लाईट गेली तर तेही उजवीकडे. ज्या दिवशी स्वतः काहीच पाहता आलं नाही, त्या दिवशी डावीकडे जागा कोरी सोडून दुसऱ्या दिवशी विचारून भरायची, आणि कुणाकडून कळलं ते कंसात लिहायचं. 'कुडाळच्या बहिणीने पाहिला', 'गोव्यातल्या भावजयीने पाहिला' एवढं पुरे. शक्यतो दुसऱ्या तालुक्यातल्या माणसाला विचारावं, कारण आपल्याच वाडीतल्या सगळ्यांची लाईट एकाच वेळी गेलेली असते. "माका काय बघूक गावला नाय," हेच उत्तर चार घरांतून मिळतं.

पावसाळ्याची एक जमेची बाजूही आहे. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या असतात, आणि एरवी रात्री जाळ्यावर असणारी माणसं घरी असतात. त्या दोन महिन्यांत पाहणारे जास्त, म्हणून साक्षीदारही जास्त. लावणीच्या दिवसांत मात्र बायका दिवसभर चिखलात उभ्या राहून आठलाच झोपतात. रात्री साडेदहाच्या मालिकेची नोंद तेव्हा पुरुषांकडूनच मिळते. कार्तिकापासून जत्रा सुरू झाल्या की देवळापुढे दशावतार रात्रभर चालतो आणि अख्खा गाव तिथे असतो. माझ्या गावच्या जत्रेच्या रात्री मी डावीकडची ओळ दुसऱ्या दिवशीच्या रिपीटवरून भरते आणि उजवीकडे 'जत्रा' एवढंच लिहिते. पुढे वाचणाऱ्याला दोन्ही गोष्टी एकदम कळतात.

मालिका बंद पडते तेव्हा

वहीचा खरा कस इथे लागतो. रोज लागणारी मालिका थांबली की लोक नोंद ठेवणं थांबवतात, आणि नेमक्या त्याच दिवसांची माहिती पुढे कुणाकडे नसते. मालिका बंद असतानाही रोज ओळ लिहा. त्या वेळेला काय दाखवलं ते लिहा.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे चित्रीकरणं थांबली. रोजच्या मालिकांचे हाताशी तयार असलेले भाग थोडेच असतात, ते संपले आणि जुने भाग, जुने कार्यक्रम लागायला लागले. त्याच काळात २८ मार्चपासून दूरदर्शनवर 'रामायण' पुन्हा सुरू झालं आणि आमच्या वाडीत सकाळी नऊ वाजता सगळ्या घरांतून एकच आवाज यायचा. झी मराठीवर मालिकांचे नवे भाग पुन्हा लागायला लागले ते सोमवार, १३ जुलै २०२० पासून. 'रात्रीस खेळ चाले'चा दुसरा भाग जानेवारी २०१९ ते ऑगस्ट २०२० चालला असं नुसतं लिहिलं, तर तो एकोणीस महिने सलग चालला असं वाटेल. मधला हा मोठा खंड वहीतच सापडतो.

त्याच खंडात ३ जूनला निसर्ग वादळ रायगडात श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं. मंडणगड, दापोली, श्रीवर्धनकडच्या गावांत पुढे कित्येक दिवस लाईट नव्हती. काही ठिकाणी नवे भाग सुरू झाल्यावरही लोकांच्या घरी टीव्ही लागण्यासारखी परिस्थिती नव्हती. तिकडच्या कुणी वही ठेवली असेल, तर तिच्या उजव्या पानाचं मोल माझ्या वहीपेक्षा कितीतरी जास्त आहे. तुमच्या घरात अशी नोंद असेल, अगदी दिनदर्शिकेच्या चौकटीत 'लाईट आली' एवढंच लिहिलेलं असेल, तरी ते पान टाकू नका.

चित्रीकरण पुन्हा सुरू झालं तेव्हा राज्य सरकारच्या नियमांनुसार पासष्ट वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर यायला बंदी होती. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. त्या काळात तुमच्या मालिकेतले आजी-आजोबा एकाएकी पडद्यावरून दिसेनासे झाले असतील, किंवा नुसते फोनवर बोलत असतील, तर त्यामागे हे कारण असू शकतं. म्हणून एखादं वयस्कर पात्र शेवटचं कधी दिसलं आणि परत कधी आलं, या दोन तारखा लिहून ठेवा. कारण तेव्हाच कळलं नाही तरी चालेल. तारखा असल्या की कारण मागाहून शोधता येतं.

२०२१ साली पुन्हा तेच झालं. 'रात्रीस खेळ चाले'चा तिसरा भाग २२ मार्चला सुरू झाला आणि एप्रिलच्या मध्यात राज्यात कडक निर्बंध आले, चित्रीकरणाला बंदी आली. कित्येक मराठी मालिकांनी आपला मुक्काम गोव्यात हलवला. मे महिन्यात गोव्यातही परवानगी बंद झाली, मग कुणी दमणकडे, कुणी आणखी कुठे गेलं. त्या दिवसांत मालिकेतलं घर एकदम बदललेलं दिसायचं. कुटुंब सहलीला गेलंय, लग्नाला गेलंय, लपून बसलंय, असं काहीतरी कथेत यायचं. घर बदललं त्या दिवसाची तारीख जरूर लिहा. आकेरीच्या वाड्यातली मालिका मात्र थांबली आणि ऑगस्टमध्ये परत आली. मधल्या काळात, १६ मेला, तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं. आंब्याची, पोफळीची झाडं पडली, तारा तुटल्या. त्या आठवड्याच्या माझ्या उजव्या पानावर मालिकेबद्दल काही नाही, फक्त कुठल्या वाडीत कधी लाईट आली ते आहे. ते पान मला फार मोलाचं वाटतं.

मोजणी

एकूण भाग किती, यावर जेवढे वाद होतात तेवढे कशावरच होत नाहीत. कारण साधं आहे. एका तासाचा महाएपिसोड कुणी एक भाग धरतं, कुणी दोन. दोन मालिकांचा महासंगम झाला, म्हणजे दोन्हींची पात्रं एकाच भागात आली, तर तो दोन्हीकडे मोजायचा की एकीकडेच? तुम्ही भाग मोजू नका, दिवस मोजा आणि अर्धे तास मोजा. महिन्याच्या शेवटी पानाच्या तळाला तीन आकडे लिहा: नवा भाग लागला असे दिवस, नव्या भागांचे एकूण अर्धे तास, आणि काहीच नवं लागलं नाही असे दिवस. वर्षाला बारा बेरजा होतात. मालिका संपली की त्यांची एक बेरीज. मग कुणी कुठलाही आकडा सांगितला तरी तो कुठून आला असेल ते तुम्हाला समजावून देता येतं.

टीआरपीचे आकडे लिहायचे असतील तर वेगळ्या पानावर लिहा. २०१५ पासून हे मोजमाप बार्क ही संस्था करते. तिचा आठवडा शनिवारी सुरू होऊन शुक्रवारी संपतो, आणि आकडे पुढच्या गुरुवारी येतात. म्हणजे गुरुवारी मोबाईलवर फिरणारा आकडा हा त्या दिवशीच्या भागाचा नसतो. आमच्याकडे शुक्रवारी सकाळी लोक म्हणतात, कालचा भाग गाजला म्हणून नंबर वर आला. तसं नसतं. कुठल्या शनिवार ते शुक्रवारचा आकडा आहे हे कळत नसेल, तर तो लिहूच नका.

माणसं बदलतात तेव्हा

पात्राचं नाव तेच आणि माणूस वेगळा, हे रोजच्या मालिकेत होतच असतं. 'रात्रीस खेळ चाले'च्या तिसऱ्या भागात शेवंताचं काम आधी अपूर्वा नेमळेकर करत होत्या, २०२१ च्या अखेरीस त्यांच्या जागी कृतिका तुळसकर आल्या. वहीत अशा वेळी चार गोष्टी लिहा: जुन्या कलाकाराचा शेवटचा दिवस, नव्याचा पहिला दिवस, मधले दिवस पात्र दिसलंच नाही का, आणि पडद्यावर तसं काही सांगितलं का. लोकांना कोण आवडलं हेही जरूर लिहा, पण उजवीकडे.

कलाकारांची नावं शीर्षकगीताच्या वेळी झरझर येतात. सुरुवातीच्या आठवड्यातच ती थांबवून लिहून घ्या, म्हणजे मोबाईलवर फोटो काढा आणि नंतर सावकाश उतरवा. पुढे बरेचदा शीर्षकगीत कापून अर्धं दाखवतात आणि नावं वाचताच येत नाहीत. लेखक कोण, संवाद कुणाचे, दिग्दर्शन कुणाचं, हे न चुकता घ्या. त्याच मालिकेतले अण्णा नाईक म्हटलं की माधव अभ्यंकर सगळ्यांना आठवतात, पण पांडूचं काम करणारे प्रल्हाद कुडतरकर मालिकेचं लेखनही करत होते, हे आमच्याच गावात निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. आणि एका-दोन प्रसंगांपुरती आलेली स्थानिक माणसं तर कुठल्याच नामावलीत नसतात. गाऱ्हाणं घालणारा, वाड्यावर नारळ पाडायला आलेला, बाजारात मासे विकणारी. तुम्ही ओळखत असाल तर त्यांना विचारून, त्यांची हरकत नसेल तरच नाव लिहा. दशावतारात आणि गावच्या नाटकांत वर्षानुवर्षं राबलेल्या माणसाचं चार मिनिटांचं काम सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं, तर त्या रात्रीची तारीख त्याच्या घरच्यांना हवी असते. नातवंडं पुढे विचारतात. मी दोन कुटुंबांना अशा तारखा वहीतून काढून दिल्या. त्यांनी तो भाग अ‍ॅपवर शोधला आणि घरातल्या सगळ्यांनी बसून पाहिला.

शेवट जवळ आला हे कसं ओळखावं

मालिका संपणार हे वाहिनी आधी सांगत नाही, पण वही सांगते. पहिली खूण म्हणजे वेळ. साडेआठची मालिका संध्याकाळी साडेसहाला किंवा रात्री अकराला सरकली, तर लगेच संपेलच असं नाही, पण त्या दिवसापासून नोंद जास्त काळजीने करा. दुसरी खूण जास्त पक्की. नव्या मालिकेची जाहिरात येते आणि तिच्याखाली तुमच्याच मालिकेची वेळ लिहिलेली असते, 'येत्या सोमवारपासून'. त्या सोमवारच्या आधीचा शनिवार हा बहुतेक वेळा शेवट असतो. जाहिरात पहिल्यांदा कधी दिसली ती तारीख लिहा, पडद्याचा फोटो काढा. तिसरी खूण कथेतली. वर्षभर दडवलेली गोष्ट एका आठवड्यात उघड होते, लांब गेलेली माणसं परत येतात, आठवड्यातून तीन-तीन गुपितं फुटतात. ही खूण फसवी आहे, कारण आकडे वाढवायलाही असंच करतात. म्हणून तिसऱ्या खुणेवर एकट्या भरवसा ठेवू नका.

शेवटच्या दिवशी वेळ काढून बसा. लाईट जाण्याची भीती असेल तर पॉवर बँक भरून ठेवा, मोबाईलवर अ‍ॅप तयार ठेवा, आणि दुसऱ्या तालुक्यातल्या माणसाला आधीच सांगून ठेवा. भाग किती वाजता सुरू झाला, किती वाजता संपला, शेवटी पडद्यावर काय लिहून आलं, कलाकारांनी निरोप घेतला का, हे सगळं लिहा. इथे दोन ओळींचा नियम मोडा, पानभर लिहा. पुढच्या सोमवारी त्याच वेळी टीव्ही लावा आणि त्या जागी काय सुरू झालं ते त्याच वहीत शेवटच्या ओळीत लिहा. ही ओळ लोक हमखास सोडतात.

नंतर वही बंद करण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा, फोटोंना पानांचे क्रमांक द्या आणि घरातल्या आणखी एका माणसाच्या मोबाईलवर पाठवून ठेवा. वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून आत कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवा. पावसाळ्यात लोखंडी कपाटात ठेवू नका, आतून घाम येतो. लाकडी कपाटाच्या वरच्या फळीवर, भिंतीला न टेकता ठेवा. दसऱ्याला बाहेर काढून एक दिवस वाऱ्यावर ठेवली की पुरे. तुमच्या गावात वाचनालय असेल तर तिथे जाऊन विचारा, हस्तलिखित म्हणून दाखल करून घेतात का. आम्ही घेतो. दाखल नोंदवहीत तिला क्रमांक पडतो, पाठीवर चिठ्ठी लागते. देणाऱ्याने पहिल्या पानाच्या आतल्या बाजूला आपलं गाव आणि कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंतची नोंद आहे ते लिहावं. मधले महिने राहिले असतील तर तेही तिथेच सांगावं.